बाणाची चार बटणं

टॅबच्या कीबोर्डवर बाणाची चार बटणं नसतात, हे मला दुकानात कळलंच नाही. दुकानदारानं काच पुसून दाखवली, रंग दाखवले, गाणं वाजवून दाखवलं. मी एवढंच विचारलं, "मराठी नीट उठतं ना?" तो म्हणाला, "सगळं उठतं, मावशी." दहिवलीला घरी आले, चहा टाकला, एक ओळ टाईप केली आणि मागचं अक्षर दुरुस्त करायला सवयीनं उजव्या हाताची बोटं खाली कोपऱ्यात गेली. तिथं काही नव्हतं. नुसती काच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर उजवीकडे खाली चार बटणं असतात. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मजकुरात ती उभी रेघ लुकलुकत असते ना, ती या बटणांनी सरकते. एकदा दाबलं की एकच पाऊल, आणि मजकुराला हात लागत नाही. टॅबवर मात्र रेघ जिथं न्यायची तिथं काचेवर थेट बोट टेकवायचं. आता माझं बोट म्हणजे काही सुई नव्हे. बोट टेकवलं की जे बघायचं तेच बोटाखाली जातं.

मुलगी मोहोपाड्याच्या एका कारखान्यात लॅबमध्ये आहे. टॅब घ्यायचा आग्रह तिचाच, कारण लाईट गेली की माझा कॉम्प्युटर आडवा व्हायचा आणि टायपिंगला आलेली लोकं ताटकळायची. तिला मी संध्याकाळी म्हटलं, "बाण नाहीत गं यात."

"आई, बाण कशाला हवेत? टच कर ना."

"टच केलं की भलतीकडे जातं."

"मग ते मधलं लांब बटण दाबून धर आणि बोट हळूच सरकव. रेघ आपोआप सरकते. सगळे तसंच करतात. लोकं अख्खी पुस्तकं लिहितात मोबाईलवर."

"लिहीत असतील. त्यांच्या पुस्तकानं कुणाचा सातबारा बदलत नाही."

ती हसली. मी नाही हसले. बटण दाबून बोट सरकवायचा सराव मी चार दिवस केला, पण माझ्या हाताला घाम येतो, आणि घामेजलेलं बोट काचेवर जरा अडतं, मग एकदम घसरतं. दोन अक्षरं मागे जायचं तर रेघ दोन ओळी ओलांडून बसायची. वेगळा कीबोर्ड जोडता येतो, असंही मुलगी म्हणाली. मी म्हटलं, बघू पुढे. तेच माझं चुकलं.

कर्जतच्या तहसील कचेरीबाहेर मी टेबल टाकून बसते. अर्ज, संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्रं टाईप करून देते. मशीनवर शिकले, मग कॉम्प्युटरवर आले. ज्या म्हाताऱ्या गृहस्थांनी शिकवलं त्यांचा एकच नियम होता: कागद तयार झाला की सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा, आणि वाचल्यावर कुणी कान्यामात्रेचा बदल जरी सांगितला, तरी बदल करून पुन्हा पहिल्यापासून वाचायचा. "बदलला तो नवा कागद," ते म्हणायचे. त्यांच्यासमोर मी हे कितीदा केलं असेल. लोकं वैतागायची, पण ते थांबायचे नाहीत.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझं माहेर खालापूरकडचं. वडील गेल्यावर जमिनीला वारस लावायचा कागद भावानं करून घेतला, त्यात आईचं नाव होतं, त्याचं होतं, माझं नव्हतं. मला ते तीन वर्षांनी कळलं, तेही दुसऱ्याच कामासाठी सातबारा काढला तेव्हा. मी तडक भावाच्या अंगणात जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "टायपिंगमधी राहिलं असंल गं." मला, टायपिस्ट बाईला! मी त्याच्या बायकोपोरांदेखत म्हटलं, "कागदातून नाव आपोआप जात नाही. कुणीतरी काढावं लागतं." तिथून निघाले ती निघालेच. सोळा वर्षं झाली, त्याला मी भाऊबीजेला ओवाळलेलं नाही.

तर त्या शुक्रवारी एक कुटुंब आलं. म्हातारी आई आणि तीन भाऊ. वडील दोन महिन्यांपूर्वी गेलेले. भातकापणी उरकली, तसा वारसाचा कागद करायला आले होते. नावं सांगायला मोठा भाऊ पुढे झाला तर म्हातारी त्याला मागे सारून म्हणाली, "पोरीचं नाव घ्या हां बाई. लोधिवलीला दिलीय. पयलं तिचं घ्या."

"घेते हो आजी. आधी तुमचं, मग वयानं."

मोठा, मधला, मग मुलगी, मग धाकटा. आईला धरून पाच नावं झाली. लाईट सकाळपासून नव्हतीच, म्हणून सगळं टॅबवर. शेवटी नेहमीची ओळ घातली: वर नमूद केलेल्या वारसांव्यतिरिक्त मयतास अन्य कोणीही वारस नाहीत. मग मोठ्यानं वाचलं. नवऱ्याच्या नावामागे 'मयत' ऐकलं आणि म्हातारीनं पदर तोंडाला लावला. तिचं रडणं आवाजाचं नव्हतं, पण मला ते बघवेना. मुलीचं नाव आलं तेव्हा तिनं मान हलवली, तेवढं मी पाहिलं.

वाचून झालं आणि मधला भाऊ म्हणाला, "बाई, माझं वय एकेचाळीस लावलंय. बेचाळीस चालू हाय मला."

एक आकडा. बाण असते तर दोन टकटकीत झालं असतं. मी काचेवर बोट टेकवलं, रेघ खालच्या ओळीत गेली. पुन्हा टेकवलं, जरा जोरात, तर त्या अख्ख्या ओळीवर निळा पट्टा उमटला, त्याला दोन्ही टोकांना ते थेंबासारखं काहीतरी, आणि वर एक छोटी पाटी आली, कट, कॉपी असलं काय काय लिहिलेली. ती पाटी बरोब्बर आकड्यावर. ती जावी म्हणून मी बाजूला बोट मारलं. काहीतरी हललं. पाटी गेली, पट्टा गेला, आकडा दिसला. मी एकाचा दोन केला.

आता पुन्हा वाचायचं. सव्वा वाजत आला होता, कचेरीतले शिक्का मारणारे साहेब जेवायला उठायच्या बेतात, म्हातारी तिथंच पायरीवर बसून डोळे पुसत होती. तिला पुन्हा तो 'मयत' ऐकवायचं माझ्या जिवावर आलं. खरं सांगते, दया आली. मी वाचलं नाही. फाईल झेरॉक्सवाल्याकडे पाठवली, त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे, प्रिंट आली. मोठ्या भावानं न बघता सही ठोकली. धाकटा म्हणाला, "दादा, वाच तरी," तर मोठा म्हणाला, "बाईंनी वाचून दाखवलाय की." सह्याशिक्के होऊन तो कागद त्याच दुपारी अर्जाला जोडून तलाठ्याकडे गेला.

शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी सकाळी दुसरं एक कुटुंब वारसाच्याच कामाला आलं. आमच्या धंद्यात कोरा कागद कुणी घेत नाही, मागचा कागद उघडायचा आणि त्यावरच नवी नावं चढवायची. मी शुक्रवारची फाईल उघडली. एक, दोन, तीन, चार. चारच्या पुढे काही नाही.

मला वाटलं, मी चुकीची फाईल उघडली. बंद करून पुन्हा उघडली. आई, मोठा, मधला, धाकटा. मधल्या भावाचं वय बेचाळीस, अगदी स्वच्छ. लोधिवलीची ओळच नाही. जागा रिकामी राहिली असती तर कुणाच्या तरी डोळ्यांत भरली असती, पण त्या मेल्या यंत्रानं आकडे आपले आपण सरकवून घेतले होते. पाचाचा चार झाला होता. आणि खाली माझी ती ओळ: अन्य कोणीही वारस नाहीत.

मी तिसऱ्यांदा फाईल उघडायला लागले तशी समोरच्या बाईनं विचारलं, "बाई, बरं वाटत नाय का?" मी त्यांना उद्या या म्हटलं. झेरॉक्सवाल्याकडे धावले, त्याच्याकडची फाईल बघितली, तिथंही चारच. मग टेबलावर येऊन बसले. तलाठ्यानं नावबदलाचा फेरफार धरला की नोटीस निघते, हरकत घ्यायला दिवस मिळतात. पण नोटीस कुणाला जाते? ज्यांची नावं कागदावर आहेत त्यांना. जिचं नाव गेलं तिला कोण कळवणार? नोंद पक्की होणार, आणि दोन-तीन वर्षांनी ती बाई कशासाठी तरी सातबारा काढणार. पुढचं मला पाठ होतं. मी ते करून आले होते.

मोठ्या भावाचा नंबर होता. फोन लावला, जे झालं ते सांगितलं.

"म्हंजे बहिनीचं नाव नाय कागदात?"

"नाही. माझ्या हातून उडालं. उद्या सगळे या, नवीन कागद करू, तलाठ्याला लेखी देऊ."

"उद्या कसं जमंल? मधल्याला परत रजा काढावी लागंल. आईला परत आणा, बसवा..." आणि मग आवाज खाली आला. "बाई, तुमी कशाला एवढं जिवाला लावून घेता? ती कुठं काय मागतेय? नायतरी ती सोडूनच देणार हाय. झालं ते झालं."

"अहो, पण ते बरोबर नाही."

"चूक तुमची हाय ना? मग तुमी गप बसा. आमी बी गप बसतो. तुमचं नाव कुठं येणार नाय."

फोन ठेवला त्यानं. मी कानाला लावूनच बसले. हा माणूस शुक्रवारी चोर नव्हता, हे मी शपथेवर सांगते. बहिणीचं नाव त्यानं स्वतः सांगितलं होतं, तिचं वयसुद्धा. सोमवारी त्याला आयतं मिळालं, बस्स. आणि ते त्याच्या हातात दिलं कुणी? मी, माझ्या या बोटानं.

दिवसभर मी मनाशी भांडले. गप्प बसावं? कचेरीच्या बाहेर बसणाऱ्या बाईची पत म्हणजे काय, तर तिचा कागद. उद्या बोभाटा झाला की लोकं म्हणणार, बाईनं भावांशी संगनमत करून बहिणीचं नाव काढलं. पाटी आली, 'कट'वर बोट लागलं, ओळ गेली, हे कुणाला पटणार होतं? मलाच पटलं नसतं. मीच तर गावभर सांगत होते, नाव आपोआप जात नाही म्हणून. संध्याकाळी मुलगी आली तेव्हा मी तिला टॅब दाखवला आणि म्हटलं, "बघ, तुझं टच." ती बिचारी गोरीमोरी झाली. तिचा काय दोष होता! तिनं घेऊन दिला, मी पुन्हा वाचलं नाही. पण त्या क्षणी मला कुणावर तरी ओरडायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी टेबल लावलंच नाही. चौकला जाणाऱ्या सहासीटरमध्ये बसले, तिथून दुसऱ्या रिक्षानं लोधिवली. सगळ्या वाटेनं मी वाक्यं जुळवत होते. 'ताई, एक चूक झाली.' 'ताई, तुम्हाला खरं वाटणार नाही.' एकही वाक्य धड जमेना. रिक्षावाला विचारत होता कुणाकडे जायचं, आणि मला तिच्या सासरचं आडनाव आठवेना, कारण ते होतं त्या उडालेल्या ओळीत. मग माहेरच्या गावाचं नाव सांगून शोधत गेले.

ती ओटीवर डाळिंब्या सोलत बसली होती. भिजवलेल्या वालांची परात पुढ्यात, सालांचा ढीग एका बाजूला. आईसारखंच कपाळ. मी कर्जतची टायपिंगवाली म्हटल्यावर तिनं पाट सरकवला, पाणी आणायला उठायला लागली. मी म्हटलं, "आधी ऐका, मग पाणी द्यायचं की नाही ते ठरवा."

सगळं सांगितलं. पाटी, निळा पट्टा, पुन्हा न वाचणं. ती ऐकताना सोलतच होती. माझं संपलं तेव्हा तिनं विचारलं, "आईचं नाव हाय ना?"

"आहे."

"मग बरं." दोन-तीन वाल सोलून झाले. "दादाला ठाव हाय?"

हाच प्रश्न येणार हे मला वाटेत माहीत होतं, आणि याचंच उत्तर मी जुळवलं नव्हतं. खरं सांगावं तर घरात काडी टाकल्यासारखं, खोटं सांगावं तर मी त्याच्याच रांगेत. मी म्हटलं, "काल फोन केला होता मी."

"काय म्हणला?"

"म्हणाले... एवढ्यात जमायचं नाही."

ती हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. "म्हंजे कळलं मला." परातीत हात तसाच ठेवून म्हणाली, "तसा वाईट नाय तो. आयतं आलं तर कुणाला नको असतं, बाई? पण तुमी आला नसतात ना, तर मला वाटलं असतं त्यानं पयल्यापासूनच ठरवून केलं. मग तो माझ्यासाठी मेलाच असता की ओ. आन् त्याला बी सांगता आलं नसतं, मी नाय केलं म्हणून. कोण ऐकतंय?"

तिनं आत जाऊन पाणी आणलं, आणि बाहेर येता येताच फोन लावला. "दादा, मी उद्या सकाळी येते कर्जतला. आईला घेऊन तू बी ये. बाई हितं माझ्याकडं बसल्यात." एवढंच. आवाज चढवला नाही, काही सुनावलं नाही. पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण बुधवारी साडेदहाला ते सगळे माझ्या टेबलासमोर होते.

त्या दिवशी लाईट होती तरी मी कॉम्प्युटरला हात लावला नाही. मंगळवारी येताना चौकला उतरून, बाणांची बटणं आहेत ना हे चारदा विचारून, एक छोटा कीबोर्ड घेतला होता, तो टॅबला जोडला. मुलगी म्हणते बाण म्हणजे जुन्या लोकांचं खूळ, उगाच जागा अडवतात. अडवू देत. ज्यांना नको त्यांनी दाबू नयेत. पण ज्यानं कुणी ती काच बनवली त्यानं या खालच्या कोपऱ्यात चार बटणांची जागा ठेवली असती, तर त्याचं काय जात होतं? मी बाणानं एकेक पाऊल टाकत लोधिवलीच्या ओळीपर्यंत गेले आणि ती पुन्हा लिहिली. आधीचा कागद माझ्या हातच्या चुकीनं अपुरा झाला, असं वेगळ्या अर्जात लिहून खाली मीही सही केली. फेरफार अजून धरला गेला नव्हता, तेवढं नशीब. मोठा भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. मीही त्याच्याकडे बघितलं नाही.

मग वाचलं. 'मयत' आला, म्हातारीनं पदर लावला, तरी वाचलं. संपल्यावर म्हातारी म्हणाली, "परत वाच गं." मी पुन्हा वाचलं. मुलीचं नाव आलं तेव्हा मोठा भाऊ एकदम म्हणाला, "हां, बरोबर," आणि बहिणीनं त्याच्या पाठीवर एक थापटी मारली. ती रागाची होती की मायेची, मला सांगता येणार नाही.

ते गेले. पुढे दोन गिऱ्हाईकं बसली होती, त्यांना मी थांबा म्हटलं. फोनमध्ये माझ्या भावाचा नंबर अजून होता, सोळा वर्षांत मी तो लावला नव्हता आणि काढलाही नव्हता. दोनदा लावायला गेले आणि दोनदा बंद केला. तिसऱ्यांदा त्यानंच उचलला, पहिल्याच रिंगला. "कोण, ताई?"

मी काय काय ठरवलं होतं. एकही शब्द आठवेना. तोंडातून माहेरची बोली निघाली. "बाबांचा तो वारसाचा कागद टाईप कुनी केलता रं?"

पलीकडे कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मग तो म्हणाला, "त्या दिवशी अंगनात आलतीस, तवा हे का नाय इचारलंस गं?"

तेव्हा मी विचारलं नव्हतं, कारण मला सगळं माहीतच आहे असं मी धरून चालले होते. हे मी त्याला कसं सांगणार होते? गिऱ्हाईकं माझ्याकडे बघत होती.

"आता इचारते," मी म्हटलं. "सांग."